मांडवाबाहेर दोघं

भर दुपारी मैदानाच्या मधोमध एक माणूस पालथा पडलेला दिसला आणि केतकीच्या काळजात धस्स झालं.

फाल्गुनातलं ऊन. त्यात फुलसावंगीच्या पुढं सावरखेड्यापर्यंत रस्त्याला सावली म्हणून नाही. या माणसाला ऊन लागलं, आता धावपळ आपल्याच नशिबी, असं मनाशी म्हणत तिनं स्कूटी कशीबशी स्टँडवर टाकली, पाण्याची बाटली उपसली आणि ती धावत सुटली.

"अहो! ऐकू येतंय का? अहो..."

पडलेल्या माणसानं मान हलवली नाही. नुसता हात वर केला.

"श्... मॅडम, तिथीच थांबा. समोर पाय नका टाकू. पाणी येऊन राह्यलं."

पाणी? केतकीनं खाली पाहिलं. तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर पाण्याची एक बारीक धार मातीतून सरकत येत होती. वाळलेल्या गवताच्या काड्या पुढं ढकलत ती एका खड्यापाशी थबकली, जरा फुगली, आणि मग डावीकडं वळून लिंबाच्या झाडाकडं निघाली. तो माणूस गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून, श्वास रोखून तिच्याकडं बघत होता. धार झाडापाशी पोचली तेव्हाच तो उठून बसला. अर्धा चेहरा काळ्या मातीनं भरलेला, आणि उरलेल्या अर्ध्यावर असं काही हसू, की केतकीला आपण कशासाठी धावत आलो तेच आठवेना.

"पाह्यलं? डावीकडं गेलं! मले वाटलतं उजवीकडं जाईन."

"हे पाहायला उन्हात पालथं पडायचं?"

"उभ्यानं दिसत नाई ना, मॅडम. जमीन कोठी कलते ते जमिनीपाशी गेल्याबिगर नाई समजत." त्यानं रिकामी बादली उचलली. "पावसाचं पाणी मांडवावरून खाली पडलं का मंग ते कोठी जाईन? बायाईच्या पायाखालीच ना? म्हनून आधी त्याले इचारून घेतो."

प्रेमात पडायला कुणाला चंद्र लागतो, कुणाला समुद्र. केतकीला बादलीभर पाणी पुरलं. अर्थात हे तिला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी तिनं फक्त ओढणी सारखी केली आणि शक्य तितक्या सरकारी आवाजात सांगितलं, "मी बांधकाम खात्यातून आले आहे. कनिष्ठ अभियंता. मांडवाच्या दाखल्यासाठी पाहणी करायची आहे. आणि जमिनीचा उतार मोजायला माझ्याकडं यंत्र आहे."

"लावा ना मंग. पाहू कोन जिंकते."

यंत्र लावायला, वाचायला आणि आकडे मांडायला पाऊण तास गेला. केतकीला घाम फुटला. शेवटी तिनं वही मिटली.

"डावीकडं," ती म्हणाली. "चार इंच."

त्यानं हसू दाबलं. पण नीट दाबता आलं नाही त्याला.

"मी चार बोटं म्हनलो असतो," तो म्हणाला.

हा मधुसूदन. घरची कपाशीची आणि तुरीची शेती, आणि जोडीला चौकातलं 'मधुसूदन बिछायत केंद्र'. लग्न असो, तेरवी असो, भागवत असो... खुर्च्या, सतरंज्या, मांडव, सगळं त्याच्याकडं मिळे. रविवारी गावात महिलांची खंजिरी भजन स्पर्धा होती. तालुक्यातून एकतीस मंडळं, आठशे बायका, दिवसभराचा कार्यक्रम. हवामानाचा अंदाज मात्र चांगला नव्हता. अवकाळी पाऊस, गारा, सोसाट्याचा वारा, सगळं मोबाइलवर पिवळ्या रंगात येऊन बसलं होतं.

"पाऊस येणार म्हणतात," केतकी म्हणाली.

"येऊ द्या. त्याच्यासाठीच तं मांडव घालून राह्यलो. उन्हाचा मांडव कोनीही घालते." तो जरा घुटमळला. "तुमची ओढणी देता का दोन मिनिटं?"

"काय?"

"दाखवतो ना. रुमाल लहान पडते."

केतकीनं आजूबाजूला पाहिलं. ट्रकपाशी त्याचा जुना जोडीदार डोंगरसिंग दोर उलगडत होता आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होता. तिनं ओढणी काढून दिली. दोन टोकं तिच्या हातात, दोन त्याच्या एका मुठीत. मध्ये तिच्याच बाटलीतलं पाणी त्यानं दातांनी झाकण उघडून ओतलं. सपाट धरलेल्या ओढणीत पाणी मधोमध जमलं आणि कापड खाली लोंबलं.

"हे पाह्यलं? मांडवाचं पोट. एकदा पोट आलं का सारं पाणी तिकडंच धावते. मंग कापड कितीही वॉटरप्रूफ असो... वजनानंच बसते." बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. पण लगेच तो सावरला. "आता मधात डोकं लावा."

"कुणाचं डोकं?"

"हात लावा, हात. खालून. उंच करा."

केतकीनं आपली दोन्ही टोकं एका हातात घेतली आणि ओढणीच्या मध्याखाली दुसरी मूठ धरली. त्यानं टोकं खाली खेचून ताणली. पाणी दोन्ही बाजूंनी सरसर ओघळलं, एक धार त्याच्या मनगटावरून, आणि दुसरी थेट तिच्या पायांवर. थंडगार. ती दचकली, आणि मग दोघंही हसली. आठशे माणसांच्या डोक्यावरचं छप्पर एका ओढणीत समजावून सांगणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. कॉलेजात चार वर्षं गेली, पण हे इतकं सोपं करून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरी, चहा घेऊन जाजो वो!" रस्त्यापलीकडच्या घरातून हाक आली.

हाक मारणाऱ्या होत्या विमलताई. गावच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. पंचावन्नच्या घरातल्या, आवाज खणखणीत, चालताना मात्र उजवा पाय ओढत. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी याच मैदानावर हीच स्पर्धा होती आणि मांडव मधुसूदनचाच होता. पाऊस आला आणि मांडव बसला. बाकी साऱ्या बाया निभावल्या, खांब आला तो विमलताईंच्या मांडीवर. तेव्हापासून दाखल्याशिवाय परवानगी मिळत नव्हती. मधूला तर बारसं आणि तेरवी सोडून कुणी मोठं काम सांगितलंच नव्हतं. हलकं कापड लावलं, म्हणत होते लोक.

"आणि यंदा?"

"यंदा मी अडून बसली. म्हनलं, मांडव मधूचाच. नाई तं मी खंजिरी हाती घेत नाई." विमलताईंनी बशीत चहा ओतला. "पावसात मले दाराच्या फळीवर टाकून चिखलातून रस्त्यापावतर नेलं त्यानं. अन् मंग सहा महिने दर आइतवारी आला. एक सबद बोलला नाई, नुसता बसे. असा मानूस हलकं कापड लावीन का, तुमीच सांगा?"

त्यांनी मोबाइलवर त्या दिवसाचे फोटो दाखवले. केतकीनं बोटांनी एक फोटो मोठा केला. फाटलेली ताडपत्री, वाकलेले पाइप, आणि ताडपत्रीवर सगळीकडं... हिरवी पानं. पाइपांच्या सांध्यात पानं, कडेच्या पन्हाळात पानांचे बोळे. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"काकू, हे वर काय आहे?"

"जांभळाचे डहाळे. मांडवावर डहाळे नाई टाकले तं मांडव पुरा होते का, मॅडम? आमच्या गावचे थोरले सदाशिवराव गाडी भरून आनतात दरसाल. वाजतगाजत."

दुसऱ्या दिवशी पाहणीचं काही काम नव्हतं. तरी केतकी आली. येताना तिनं नवी कुर्ती घातली होती, आणि आरशासमोर स्वतःला बजावलं होतं की ही जुनीच आहे.

मांडव उभा राहत होता. मधोमध उंच खांबांची रांग, तिथून दोन्हीकडं उतरतं पांढरं जाड कापड, कडेला पन्हाळ, आणि पन्हाळापासून लिंबाच्या झाडामागच्या नालीपर्यंत खणलेला चर. मधुसूदन वर कण्यावर बसून सांधे आवळत होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात दोर, दातांत तार. खालून डोंगरसिंग ओरडत होता आणि तो वरून मान डोलवत होता. कापडावर तो हात फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. जिथं सुरकुती लागेल तिथला दोर सोडून नव्यानं ताणायचा. केतकी खाली उभी राहून बघत राहिली. मान अवघडली तरी बघत राहिली.

"मॅडम," डोंगरसिंग हळूच म्हणाला, "मांडव पाहून राह्यल्या का मांडववाला?"

"मी सांधे बघते आहे," केतकी म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मधुसूदन खाली उतरला तेव्हा तिनं विषयालाच हात घातला. "गेल्या वर्षी मांडव कापडामुळं पडला नाही. डहाळ्यांमुळं पडला. पानांनी पन्हाळ तुंबलं, पाणी अडलं, पोट आलं. बरोबर?"

त्यानं तोंडातली तार काढली.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. फोटोत दिसलं. तुम्ही का नाही सांगितलं कुणाला? वर्षभर लोक तुम्हाला नावं ठेवत राहिले..."

"काय सांगू, मॅडम? तुमच्या डहाळ्यानं काकूचा पाय मोडला म्हनू? लोकाईनं श्रद्धेनं टाकले. सदाशिवकाकानं स्वतःच्या हातानं टाकले." तो हातातल्या पान्याकडं बघत राहिला. "अन् चूक माह्यीच होती ना. शिडी मीच लावून देल्ती. मले माहीत होतं पान अडकते म्हनून. पन मोठ्या मानसाले नाई म्हनता नाई येत मले. लहानपनापासूनच नाई येत."

केतकीचा जीव गलबलला. या माणसाला पाण्याची भाषा कळत होती, वाऱ्याची कळत होती. आणि 'नाही' हा दोन अक्षरी शब्द तोंडातून निघत नव्हता. पण तिच्या हातात दाखला होता आणि दाखल्याखाली आठशे बायका बसणार होत्या.

"उद्या गाडी येईल ना?"

"येईन."

"मग ऐका. वर एक जरी पान गेलं तर मी सही करणार नाही. आणि हे मी सदाशिवरावांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

"तुमीच सांगा ना, मॅडम... सरकारी मानसाचं ऐकतात लोक."

"मी आज आहे, उद्या नाही. पुढच्या वर्षी कोण सांगेल?"

त्यानं तार बोटाला गुंडाळली. आज आहे, उद्या नाही... हे आपणच का बोललो, असं केतकीला वाटून गेलं. दोघं तशीच पांढऱ्या कापडाखाली उभी राहिली. वाऱ्यानं कापड जरा फुगलं आणि पुन्हा बसलं.

शनिवारी सकाळी डफडं वाजत गाडी आली. गाडीत जांभळाचे हिरवेगार डहाळे रचलेले, बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढं फेटा बांधलेले सदाशिवराव. मागं अर्धं गाव. विमलताईही काठी टेकत आल्या होत्या. केतकी कागदांची फाइल छातीशी धरून खांबापाशी उभी होती.

"मधू," सदाशिवरावांनी हाक दिली, "लाव शिडी!"

मधुसूदन शिडीपाशी गेला. त्यानं शिडी उचलली. केतकीनं डोळे मिटले. संपलं... झालं... हा माणूस पुन्हा शिडी लावणार.

धप्प आवाज आला. तिनं डोळे उघडले. त्यानं शिडी जमिनीवर आडवी टाकली होती.

"काका... नाई."

"काय नाई?"

"वर एकही पान नाई जाणार."

डफडं थांबलं. सदाशिवरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"मांडवावर डहाळा नाई? मंग तो मांडव हाय का गोदाम? अरे, तुह्या बापाच्या लग्नात मी टाकले डहाळे! तू मले सांगते? दुसरा बिछायतवाला बोलावतो मी, आत्ताच्या आत्ता!"

"बोलवा," मधुसूदन म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पन तो येईन त्यालेही हेच सांगजा. मागच्या साली पानानं पन्हाळ बुजलं, काका. पाणी जाले जागा नोती. म्हनून मांडव बसला. मले माहीत होतं अन् मी बोललो नाई. काकूचा पाय माह्या न बोलन्यानं मोडला. यावेळी बोलून राह्यलो."

वर्षभर ज्याच्या कापडाला नावं ठेवली त्यानं गावानंच टाकलेल्या डहाळ्यांचं नाव झाकून ठेवलं होतं, हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं. सदाशिवराव गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले.

"हे तू वर्सभर काहून नाई सांगतलं बावा?"

मधुसूदननं मान खाली घातली.

मग काठीचा टक् टक् आवाज झाला. विमलताई गाडीपाशी आल्या, त्यांनी एक डहाळा ओढला. "मधू, वरचं पाणी कोठी पडन?"

"पन्हाळातून चरात, काकू. अन् जोराचा पाऊस आला तं या कडेनं खालीही पडन."

"मंग इथी चिखल उडन. पैल्या रांगेतल्या बायाईच्या लुगड्यावर."

"उडन थोडासा."

विमलताई वाकल्या. वाकताना त्यांना दुखलं, पण कुणाचा हात घेतला नाही. डहाळा त्यांनी मांडवाच्या कडेखाली, बरोब्बर पाणी पडेल तिथं जमिनीवर आडवा ठेवला. "पाणी डहाळ्यावर पडन, चिखल नाई उडनार. देवाले वर काय अन् खाली काय, सारं सारखंच दिसते. या वो बायानो, हात लावा."

बायका पुढं आल्या. मग सदाशिवरावांनी फेटा सारखा केला, एक मोठा डहाळा खांद्यावर घेतला आणि लिंबाच्या बाजूला नेऊन ठेवला. ठेवताना मधुसूदनकडं न बघता पुटपुटले, "तुह्या बापालेही नाई म्हनता येत नोतं. बरं झालं तुले आलं."

केतकीनं एकेक खुंटी पायानं दाबून पाहिली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मग सही केली. मांडवाची सही तिनं डोक्यानंच केली, याची तिला खात्री होती. बाकी जे काही मनात होतं त्यासाठी खात्याकडं कुठलाही फॉर्म नव्हता.

"घ्या," तिनं कागद पुढं केला. "आज तुम्ही... फार छान दिसलात. म्हणजे... बोललात."

"दोन्हीपैकी एक सांगा, मॅडम."

"दोन्ही," ती म्हणाली आणि स्कूटीकडं पळाली.

रविवारी दुपारी साडेतीनला ढग आले. काळे, खाली उतरलेले. मंचावर शेवटचं, विमलताईंचं मंडळ नुकतंच बसलं होतं. दुसऱ्या कडव्याला पहिली गार पडली आणि मग बोरांएवढ्या गारांचा मारा सुरू झाला. आठशे माना एकदम वर झाल्या. गेल्या वर्षीची भीती प्रत्येकीच्या डोळ्यांत होती. दोघीतिघी उठल्यासुद्धा.

विमलताईंनी खंजिरीवर थाप मारली, आवाज चढवला आणि गात राहिल्या.

केतकी मधल्या रांगेत होती. मुद्दाम. ज्या मांडवासाठी सही केली त्याच्या बरोब्बर मधोमध. पांढऱ्या कापडावरून पाणी कण्यापासून दोन्हीकडं पळताना आतून सावलीसारखं दिसत होतं. कुठं थांबत नव्हतं, कुठं जमत नव्हतं. एकही पोट नाही, एकही थेंब नाही. कडेला पाणी जांभळाच्या पानांवर पडून मुकाट चरात जात होतं. उठलेल्या बायका बसल्या. एकीनं टाळी धरली, मग रांगेनं धरली, मग सगळ्या मांडवानं. केतकीचा ऊर भरून आला. काय माणूस आहे हा... काय काम केलंय यानं! शेजारणीला धरून सांगावं असं तिला वाटलं.

आणि तेव्हाच तिला कोपऱ्यात कापडावर एक सुरकुती दिसली. काल ती नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत ती लांबत गेली.

केतकी उठली, रांगांमधून वाट काढत कनात सारून बाहेर पडली. बाहेर आभाळ फाटलं होतं. कोपऱ्यावरची खुंटी जागेवर नव्हती. सदाशिवरावांनी बैल सावलीला म्हणून तिलाच बांधला होता. वीज कडाडली तसा तो खुंटी उपटून, ती गळ्यातल्या दोरासह फरफटत शेताकडं पळाला होता. मांडवाचा मोकळा दोर कमरेला वेढून, टाचा चिखलात रोवून मधुसूदन एकटा मागं झुकला होता.

"डोंगरसिंग?"

"दुसरी खुंटी अन् घन आनाले गेला! मॅडम, आत जा! गारा लागतीन!"

केतकीनं चपला भिरकावल्या, त्याच्या मागं जाऊन दोराचं शेपूट धरलं आणि अंग मागं टाकलं. वाऱ्यानं दोर ओढला. दोघं वीतभर पुढं घसरली आणि थांबली. वरची सुरकुती विरली.

"आत जा म्हनलं ना!"

"आत जागा नाही."

"खोटं बोलता."

"हो."

एक गार तिच्या कपाळावर बसली. पाणी डोळ्यांत, तोंडात, कॉलरमधून पाठीवर. दोर तळहाताला करकचत होता. समोर त्याची भिजलेली पाठ, आणि पलीकडं मांडवात खंजिऱ्या तालात वाजत होत्या. आतल्या एकीलाही बाहेरचं काही ठाऊक नव्हतं.

"मॅडम... एक इचारू?"

"आत्ता?"

"आत्ताच. हात गुंतलेले हायेत. पळता नाई येणार मले." तो मागं वळून बघू शकत नव्हता, म्हणूनच बहुधा बोलू शकला. "उद्या मांडव उतरला का... तुमी कायले येसान इथी?"

"नाही येणार."

दोर एकदम सैल झाला.

"अहो, ताण ठेवा!" केतकी ओरडली. "पुरतं ऐका तरी! मी नाही येणार, तुम्ही यायचं. यवतमाळला. माझ्या आईबाबांकडं."

दोर इतका ताणला गेला की खांब करकरला.

"कायले?" त्यानं विचारलं. आवाज पावसात अर्धा वाहून गेला, तरी त्यातला आनंद लपला नाही.

"ते तुम्ही सांगायचं. काल एवढ्या गावासमोर नाही म्हणालात. आज माझ्या एकटीसमोर काही म्हणता येत नाही?"

वारा सुटला. दोघं मागं झुकली. त्याच्या मानेवरून पाणी ओघळत होतं.

"मले तुमी आवडता," तो म्हणाला. आणि मग, जणू इतक्यावर भागणार नाही असं वाटून, मोठ्यानं, "लय आवडता, केतकी! मांडव बसला तरी चालन, पन हे बोलाचं राहाले नाई पायजे!"

"मांडव बसलेला नाही चालणार! माझी सही आहे!"

ती हसत होती की रडत होती, ते पावसात कुणालाच कळलं नसतं. तिलाही कळलं नाही. तिनं फक्त त्याच्या ओल्या पाठीला क्षणभर कपाळ टेकवलं. दोर मात्र सोडला नाही.

डोंगरसिंगानं खुंटी ठोकून दोर बांधला तेव्हा पाऊस ओसरला होता. बांधून झालं तरी दोघं दोर धरून उभीच होती. तो दोनदा खाकरला. मग घन उचलून निघून गेला.

कनात उघडली. बायका बाहेर येऊ लागल्या. कोरडी लुगडी, कोरडे केस, हातात कोरड्या खंजिऱ्या. त्यांच्या पुढं विमलताई. मधुसूदनला पाहून त्या थांबल्या. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला, निथळणारा, आणि शेजारी अनवाणी केतकी. तीही तशीच.

"बाप्पा!" विमलताई म्हणाल्या. "आठशे बाया कोरड्या, अन् मांडववालाच ओला? अन् मॅडम, तुमी काहून भिजल्या? तुमी तं सरकारकडच्या ना?"

"सरकारकडची होते, काकू," केतकीनं ओल्या बटा मागं सारल्या. तळहात सोलवटले होते, आवाज मात्र स्वच्छ होता. "आता यांच्याकडची."

विमलताईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मधूकडं. मधू खाली बघून हसत होता. मग त्या काठी टेकत मागं वळल्या आणि रस्त्याला लागलेल्या बायकांना त्यांनी मोठ्यानं हाक घातली.

"थांबा वो बायानो! कोठी चालल्या? घरी नका जाऊ इतल्यात. चला आत, अजून एक भजन म्हनाचं हाय!"